मिस्त्रींची भिंत

घरपट्टीची नोटीस आली त्या दिवशी मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं हे खरं. पण त्याच वेळी त्यांची छातीही थोडी फुगली होती, आणि ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. पट्टी गेल्या वर्षीच्या अडीचपट झाली होती. औषधं आणि किराणा भागवून दोघांच्या पेन्शनमधून जे काही उरायचं, ते यात कुठल्या कुठे गेलं असतं आणि वर उसनं काढायची पाळी आली असती. तरी कागद वाचताना मनात पहिला विचार आला तो असा, की आपलं काम शेवटी कोणाच्या तरी नजरेत भरलं म्हणायचं.

कारण ते घर म्हणजे मिस्त्रींचं कामच होतं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरात फरश्या आणि टाइल्स बसवल्या, त्यापायी दोन्ही गुडघे घालवले. दवाखाने, बँका, पोहण्याचे तलाव, हॉटेलांची न्हाणीघरं, काय नाही केलं. काम संपलं की उरलेला माल मालक लोक फेकूनच द्यायचे, आणि मिस्त्री तो पिशवीत भरून घरी आणायचे. स्वयंपाकघरात ओट्यामागची अख्खी भिंत, खालपासून छतापर्यंत, अशा उरल्यासुरल्या तुकड्यांनी भरली होती. पण कुठला तुकडा कुठे बसणार हे ठरवायचा मान बायकोचा. ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "ही बँकेची काळी इथे नको. तलावाच्या निळीशेजारी ती रुसल्यासारखी दिसते." असं ती म्हणाली की मिस्त्री सिमेंट ओलं आहे तोवर ती काढून दुसरीकडे लावायचे. बाहेर ज्यांनी कधी इंजिनियरचं ऐकलं नाही, ते घरात बायकोच्या हुकमाखाली काम करायचे आणि खूश असायचे.

घरात कोणी आलं की आधी भिंत, मग चहा. जावई पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्यालाही ओट्याशी उभं करून ही दवाखान्याची, ही तलावाची असं सगळं दाखवलं होतं, आणि तो बिचारा उपाशीपोटी माना डोलावत होता.

तर असली भिंत असलेल्या घराची पट्टी वाढणारच, असं मिस्त्रींनी मनाशी धरून टाकलं. त्यांना दुसरं काही सुचायला जागाच नव्हती.

लेकीला फोन केला तर तिने क्षणाचाही विचार केला नाही. "विकून टाका बाबा, आणि इकडे या. आम्ही आहोत ना."

"आहात गं," मिस्त्री म्हणाले, "पण जावयाच्या सोफ्यावर बसून, टीव्हीचा आवाज कमी करू का म्हणून विचारत दिवस काढू का मी?"

वरची खोली भाड्याने द्यायची गोष्ट निघाली, ती बायकोने तिथेच संपवली. जिना घरातून होता आणि न्हाणीघर एकच. "परका माणूस माझ्या आरशात बघून दाढी करणार? त्यापेक्षा मी रस्त्यावर राहीन," ती म्हणाली. रस्त्यावर राहायची वेळ खरंच येऊ शकते हे बोलल्यावर तिच्या लक्षात आलं असावं, कारण मग बराच वेळ ती भांडीच घासत राहिली.

शेवटी शेजारचे सल्लागार आले. सल्लागार हे त्यांचं नाव नव्हे, गल्लीने दिलेली पदवी. कोणी न विचारता सल्ला द्यायचे म्हणून. माणूस वाईट नव्हता. फक्त पालिकेच्या कचेरीत त्यांनी जन्मभर पाण्याच्या मीटरचं खातं सांभाळलं होतं आणि घरपट्टीतलं त्यांना तुमच्याआमच्याइतकंच कळत होतं. पण आवाज भारदस्त, त्यामुळे ऐकणारा गप्प बसायचा.

"हरकत नोंदवा," सल्लागार म्हणाले. "मुदत आहे अजून. अर्ज केला की त्यांचा माणूस घर बघायला येतो, आणि घराची अवस्था बघून पट्टी कमी करतो."

"मग करू या की."

"करा. पण मिस्त्री, राग मानू नका." सल्लागारांनी भिंतीकडे बोट केलं. "हे असलं दिसलं ना, तर तो कमी करायचं सोडा, वाढवूनच जाईल. घर कसं पाहिजे? मोडकळीला आलेलं. बघून दया आली पाहिजे."

अर्ज गेला. निरीक्षक येणार त्याची तारीखही आली. मिस्त्री कामाला लागले. पुढच्या खोलीतल्या चार फरश्या उखडल्या, दारापुढच्या पायरीची कड फोडली, रंग खरवडला. बायको बघत होती. "बाकी काय वाट्टेल ते करा," ती म्हणाली, "भिंतीला हात लावायचा नाही."

मिस्त्रींनी दोन दिवस लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलाशी ते एकदम ओरडले, "भिंत पाहिजे का घर पाहिजे, एकदा सांगून टाक मला!"

असं ते कधी ओरडत नसत. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून तिने फळीवरचे डबे उतरवले, खिळ्यांना टांगलेली भांडी काढली, शेगडीवर जुनी चादर पसरली. "करा," म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून रेडिओचा आवाज यायला लागला. तिला रेडिओची आवड नव्हती.

मिस्त्रींनी छन्नी लावली आणि हातोडी मारली. पहिली टाइल निघेना. आपलं काम इतकं पक्कं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्या कोणी केलेलं असतं तर त्यांनी त्या कारागिराला मनातल्या मनात दाद दिली असती. स्वतःलाच कशी देणार? त्यांना रडू येत होतं आणि धुळीने डोळे चुरचुरताहेत अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. सल्लागार म्हणाले होते, अर्धीमुर्धी फोडा, राडारोडा तसाच पडू द्या, म्हणजे भयाण दिसेल. मिस्त्रींचा बेतही तोच होता. पण अर्धवट काम टाकून उठायची सवय त्या हाताला नव्हती. वरच्या डाव्या कोपऱ्यात सुरुवात केली आणि ओळीमागून ओळ उतरवत ते खालपर्यंत आले. मग गिलावा खरवडून सारखा केला. झाडून काढलं. तुकडे गोण्यांत भरले, हातगाडी मागून आणली आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या कचराकुंडीत सगळं नेऊन ओतलं. जागेवर राडारोडा ठेवून जाणारा मिस्त्री मिस्त्रीच नव्हे, हे ते स्वतःच नव्या पोरांना सांगत आले होते.

संध्याकाळी बायको बाहेर आली. तिने भिंतीकडे पाहिलं, चादर काढून झटकली आणि भात टाकला.

निरीक्षक म्हणून आल्या त्या एक तरुण बाई, लेकीपेक्षाही लहान. हातात टॅबलेट, चेहरा दमलेला. सल्लागार दारात पहारेकऱ्यासारखे उभे होते. बाईंनी पुढची खोली पाहिली, पायरी पाहिली आणि स्वयंपाकघरात येऊन त्या थांबल्या.

"किचन नवीन करताय वाटतं?" त्या म्हणाल्या. "कारागीर चांगला मिळालाय तुम्हाला. फोडतानासुद्धा किती स्वच्छ फोडलंय."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "नवीन नाही हो करत. मोडलंय. घर जुनं झालंय, मोडकळीला आलंय. तेच दाखवायचं होतं तुम्हाला."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या बायकोकडे, आणि त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. त्यांनी टॅबलेट मिस्त्रींसमोर धरला. "काका, हे बघा. बांधकामाची किंमत, शून्य. इतकं जुनं घर आमच्याकडे धरतच नाहीत. पहिल्यापासून शून्यच आहे. तुमची पट्टी आहे ती सगळी घराखालच्या जमिनीची. कोपऱ्यावरचे दोन प्लॉट विकले गेले ना, तो मोठा टॉवर येतोय तिथे? त्या भावाने सगळ्या गल्लीचा हिशेब झालाय."

"शून्य," मिस्त्री म्हणाले.

"हो."

"मग भिंत?"

"कुठली भिंत?"

"इथे होती." मिस्त्रींनी उघड्या गिलाव्याकडे हात केला. "रंगीत होती."

बाई हळूच म्हणाल्या, "तिने काही फरक पडला नसता, काका. असती तरी आणि नसती तरी."

सल्लागारांना घरी काहीतरी तातडीचं काम आठवलं.

निरीक्षक बाई वाईट नव्हत्या. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि नीट समजावून सांगायला लागल्या. हरकत टिकणार नाही, कारण भाव खरा आहे. हप्ते करून मिळतील, पण दरवर्षी नवीन पट्टी येत राहील. विकलंत तर पैसे चांगले येतील; घेणारा घर पाडेल म्हणा, त्याला जागाच हवी असते. आणि एक सोय वयस्कर लोकांसाठी आहे. पट्टी आत्ता भरायचीच नाही. ती व्याजासकट घरावर बोजा म्हणून साठत जाते. दोघांपैकी एक जण तरी इथे राहत असेल तोवर कोणी काही मागत नाही.

"आणि नंतर?" बायकोने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नंतर वसूल करतात. बहुतेक वेळा घर विकूनच."

"म्हणजे आम्ही मेल्यावर."

बाईंनी मान खाली घातली. "बरेच जण घेतात ही सोय," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी त्या सोयीच्या अर्जावर सही केली. मग बायकोने विचारलं, "कुठे?" आणि बाईंनी बोट दाखवलं तिथे तिनेही केली. लेकीला द्यायला आता हे घर उरणार नव्हतं, आणि त्या दोघांनी किती जगायचं याच्याशी एका कचेरीचा हिशेब जोडला गेला होता. घर वाचलं, असं म्हणायचं असेल तर म्हणा. मिस्त्रींना तसं म्हणवेना.

रात्रीचं जेवण दोघांनी पुढच्या खोलीत, उखडलेल्या फरश्यांशेजारी बसून केलं. मिस्त्री बायकोच्या बोलण्याची वाट बघत होते. एवढ्यातेवढ्यावरून त्यांची हजेरी घेणारी बाई ती. चमचा हरवला तरी दोन दिवस तोंड चालायचं. आज ती गप्प होती, आणि ते त्यांना सहन होईना.

"लावतो मी परत," ते म्हणाले. "उद्याच माल आणतो. तू सांगशील तशी लावतो."

"कसला माल?"

"टाइल्स. नव्या."

"नव्या नकोत." तिने घास ताटातच ठेवला. पुढचं ती अगदी साध्या आवाजात बोलली, रागावून नाही. "तुम्ही फोडत होतात ना, तेव्हा मी आत बसले होते. मला सारखं वाटत होतं, एखादी तरी ठेवाल. खालची, ओट्याआडची, कोणाला दिसणार नाही अशी. बाहेर आल्यावर आधी तीच शोधली मी."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. ठेवणार होतो, पण फुटली, असं म्हणता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता.

"सुचलंच नाही गं मला," ते म्हणाले.