चार आण्यांची स्पर्धा

आमच्या कचेरीतला तेव्हाचा चहा प्यायला असतात, तर नुसत्या गरम पाण्याबद्दल आदर वाटू लागला असता. अकरा वर्षं तो रामनाथशेट पाजत होता. म्हणून २००९ साली उपाहारगृहाचं कंत्राट आदिवासी महिला बचत गटांसाठी राखीव झालं, तेव्हा मी, आवक-जावक कारकून, मनातल्या मनात नाचलो.

वटारच्या पाड्यावरून कमळी आली. जन्मभर दुसऱ्यांच्या वाड्यांत केळीचे घड वाहिलेली बाई. नमुना म्हणून किटलीभर चहा घेऊन आली होती. मी एक घोट घेतला आणि तिचाच झालो.

"माजा सोताचा गल्ला पायजे," ती म्हणाली, "आन मागं बसायला खुर्ची."

"पण दरांची स्पर्धा व्हायला हवी," मी म्हणालो. "तीन गट तरी लागतील, नाहीतर रामनाथशेटला मुदतवाढ."

गट एकच होता, बारा बायकांचा. कमळीने त्याचे सरळ तीन केले: एक तिचा, एक जाऊ बारकीचा, एक शेजारणीचा. तिन्ही अर्ज मीच लिहून दिले. दर तेवढे त्यांनी घरी भरले.

आमचे सदानंद साहेब नुकतेच नव्या स्पर्धा कायद्याचं प्रशिक्षण घेऊन आले होते. दोन शिपायांनी एकदम जांभई दिली तरी त्यांना त्यात संगनमत दिसे.

लिफाफे उघडायच्या दिवशी रामनाथशेट ओरडलाच, "साहेब, तिन्हींवर एकच अक्षर!"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"कमळीबाई, आपसात ठरवून दर भरलेत?" साहेबांनी विचारलं.

कमळीला खोटं बोलता येत नाही. "मंग? ठरवूनच भरले. माजा चा तीन रुपये, त्या दोघींचा चार."

मी कपाळावर हात मारला. साहेब वाचू लागले. "कमळी, तीन. शेजारीण, चार. बारकी... पावणेतीन?"

कमळी गर्रकन वळली. "बारक्ये! चार आन्यांसाठी?"

"खुर्ची काय तुलाच पायजे? मला पन गुडघे हायेत!"

मग लग्नातली कोंबडी निघाली, हरवलेली विळी निघाली, सासूही निघाली. दोन शिपायांनाही त्या आवरेनात. साहेब भारावून पाहत होते. "ही खरी स्पर्धा!" म्हणाले आणि शेरा मारला: 'संगनमताचा प्रयत्न झाला. जावेमुळे निष्फळ.' कंत्राट बारकीला मिळालं.

कमळी पायरीवर बसून रडली. मला फार वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी बारकी ऐटीत खुर्चीवर बसली. आपल्याच चहाचा घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि रिक्षा करून वटारला गेली. तासाभराने कमळीला घेऊन आली. पदराने खुर्ची पुसली.

"बस. पन दर पावनेतीनच."

कमळी बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून तिने गल्ला पाहिला, टेबलं पाहिली, आम्हाला पाहिलं. मग उठून स्टोव्हकडे गेली.

"बसून चा होतो का कुठं?" म्हणाली. "पन खुर्ची कोनी हलवायची नाय."