पागेच्या पाच खोल्या

श्रिया गर्देने इंदूरच्या हॉटेलातली चांगली नोकरी सोडली आणि राजगढजवळच्या एका खेड्यात घोड्यांची जुनी पागा विकत घेतली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ अंबरीश सोडला तर कुणालाच ते पटलं नाही. धारला आईवडिलांनी महिनाभर तिच्याशी त्या विषयावर बोलणं टाळलं.

पागा संस्थानच्या काळातली. घोडे गेल्यावर तिथे कापसाच्या गाठी आल्या, मग खताची पोती, आणि शेवटची वीस वर्षं नुसती वटवाघळं. मधे प्रशस्त अंगण, त्याच्या दोन बाजूंना काळ्या दगडाच्या सहा-सहा कमानी. एकेका कमानीत तीन-तीन घोडे बांधत असत, त्यामुळे जागा ऐसपैस होती. बारा कमानींच्या बारा खोल्या करायच्या, सुट्टीला येणाऱ्यांना द्यायच्या, अंगणात लग्नं, मुंजी, कंपन्यांच्या बैठका घ्यायच्या, असा दोघा भावंडांचा बेत होता. बांधकाम श्रियाने बघायचं, कागदपत्रं आणि बुकिंग अंबरीशने.

जो मिस्त्री यायचा तो भिंतीवर टिचकी मारून एकच सांगायचा, “मॅडम, पुराना सब छील के सीमेंट मार देते हैं.” शेवटी धारमधल्या कुणीतरी मानाजी शिर्के यांचं नाव सुचवलं. धारच्या पवार संस्थानिकांबरोबर आलेल्या गवंड्यांचं घराणं. पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचं काम. पण आता चुन्याचं काम कुणी देत नव्हतं, तेव्हा सत्तरीतले मानाजी देवळांना सफेदी करून दिवस काढत होते.

ते आले, डोक्याचं मुंडासं सोडून खांद्यावर टाकलं आणि तांब्याभर पाणी मागितलं. श्रियाला वाटलं, प्यायला. त्यांनी ते भिंतीवर ओतलं. दगडांमधल्या सांध्यांनी पाणी बघता बघता ओढून घेतलं.

“पितेय अजून,” ते म्हणाले. “जिवंत आहे. हिला सिमेंट लावू नका, ताईसाहेब. ही जमिनीतली ओल वर ओढते नि चुन्यातून बाहेर सोडते. सिमेंट मारलं की हिचं तोंड बंद. मग ओल जाणार कुठे?”

“काका, तुम्ही कराल?”

“करीन की. पण घाई नाही करायची. एक थर सुकला नाही तर दुसरा चढत नाही.”

दिवाळीनंतर काम सुरू झालं. अंगणाच्या कोपऱ्यात हौदात चुना भिजला, दगडी चाकाच्या घाणीत विटांच्या भुकटीबरोबर दळला गेला. त्यात गुळाचं पाणी, मेथीचं पाणी, बेलफळाचा गर पडला. मानाजींबरोबर त्यांची मुलगी सुभद्रा आली होती. तिशी ओलांडलेली, कुक्षीचं सासर सोडून कायमची माहेरी आलेली. श्रियाला आधी वाटलं, म्हाताऱ्याच्या जेवणाखाण्याचं बघायला आली असेल. चौथ्या दिवशी ती पदर खोचून बांबूच्या परांचीवर चढलेली दिसली, हातात थापी.

“मुलगा नाही मला,” मानाजींनी न विचारताच सांगितलं. “असता तरी त्याने मोबाईलचं दुकान टाकलं असतं. ही करते. हात चांगला आहे हिचा.”

पहिला थर सुभद्रा देई, दुसराही. शेवटचा मात्र मानाजी स्वतः. लोण्यासारखा मऊ चुना पातळ ओढून तो गुळगुळीत दगडाने तासन्‌तास घोटत बसत. किती दाबायचं, पाण्याचा हबका कधी मारायचा, हात कधी थांबवायचा, ते काहीच बोलत नसत. सुभद्रा शेजारी बसून बघायची. संध्याकाळी भिंत अशी व्हायची की दारातून येणारा उजेड तिच्यावरून सरकत जाई.

“मला कधी देणार?” तिने एकदा श्रियाच्या देखतच विचारलं.

“सात खोल्या बघ. उरलेल्या पाच तुझ्या. मी नुसता बाजूला बसेन.”

श्रियाला हे फार आवडलं. तिने मानाजींचे फोटो काढले, चुन्याने पांढरे झालेले त्यांचे हात, घोटायचा दगड. सुभद्राला म्हणाली, “पुढे आपण पाहुण्यांना हे शिकवू. तूच शिकव. वर्कशॉप ठेवू.” श्रियाचं शिक्षण हिंदीत झालेलं. मानाजींशी ती मराठीत सुरू करायची आणि वाक्याच्या मध्यावर हिंदीत जायची, पण ते दोघं तिचं बोलणं मनापासून ऐकत.

फाल्गुनात सातवी खोली होत आली होती. अंबरीश राजगढहून आला तो उड्या मारतच.

“ताई, बुकिंग! पहिलंच लग्न! सोन्याचांदीचे व्यापारी आहेत, घराणं मोठं. मुलीचं लग्न आखातीजला. अंगण पाहिलं नि बस, यहीं करना है म्हणाले. पण बाराच्या बारा खोल्या पाहिजेत.”

आखातीजला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दीड महिना होता. श्रिया मानाजींकडे गेली. ते भिंतीला हात लावून उभे होते.

“पाच खोल्या दीड महिन्यात?” त्यांनी मान हलवली. “नाही व्हायच्या. थर कच्चा राहील. सातमध्येच बसवा त्यांना.”

“बारा मागतायत काका.”

“मग लग्न दुसरं घ्या. पागा शंभर वर्षं उभी आहे, आणखी चार महिने उभी राहील.”

दुसऱ्या दिवशी अंबरीश राजवीर नावाच्या ठेकेदाराला घेऊन आला. तरुण, शिस्तीचा, बोलायला गोड माणूस. त्याने पाच खोल्या मोजल्या. “हो जाएगा भिया. पच्चीस दिन. ऊपर से पुट्टी, पेंट, किसी को फर्क नहीं दिखेगा.”

मानाजी तिथे आले. आवाज न चढवता पुन्हा तेच म्हणाले, ओल, भिंतीचं तोंड, शेजारच्या खोल्यांनाही त्रास. राजवीरची माणसं, मजूर, वीजवाले, सगळे अंगणात थांबून ऐकत होते. श्रियाला महिनाभर झोप नव्हती. लग्न हातचं गेलं तर आईवडिलांसमोर काय तोंड दाखवायचं, हे तिच्या डोक्यात होतं. आणि मानाजी तिसऱ्यांदा “ताईसाहेब, ऐका” म्हणाले तेव्हा ती म्हणाली, “काका, तुमच्या चालीने गेलं ना, तर इथे माझं नाही, माझ्या नातवंडांचं लग्न लागेल! तेही, चुना सूख गया तो!”

अंगणात हशा पिकला. चांगला मोठा. श्रियाचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे तो आणखी लांबला. तिला स्वतःलाही हसू आलं आणि मनावरचा ताण जरा सैल झाला.

मानाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मागे वळून सातव्या खोलीत गेले. तिथली एक भिंत घोटायची राहिली होती. ती त्यांनी दोन दिवसांत पुरी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं धुऊन पिशवीत भरली आणि श्रियाला सांगितलं, “आठ दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. ऊन लागू देऊ नका.” मग बापलेक धारच्या बसने गेले. सुभद्राने मागे वळून पाहिलं नाही. थांबवावं असं श्रियाला वाटलं होतं, पण त्याच वेळी पाण्याची टाकी चढवायला क्रेन आली.

लग्न थाटात झालं. कमानींना झेंडूच्या माळा, अंगणात ढोल. पाहुण्यांनी व्हिडिओ टाकले, बुकिंग वाढलं. आईवडील येऊन दोन दिवस राहिले, वडिलांनी शेजाऱ्यांना फोन करून पागेचं कौतुक केलं. अंबरीशने वेबसाईट केली. पहिल्याच पानावर मानाजींचे पांढरे हात होते आणि खाली ओळ, ‘धारच्या शेवटच्या चुना-कारागिराने घडवलेल्या भिंती’. श्रियाने ती वाचली. फोटो काढून टाकावा असं एकदा मनात आलं, पण सगळ्यांत जास्त लोक त्याच फोटोवर थांबत होते.

जूनमध्ये नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर, गोपाळराव, पत्नीसह तिसऱ्या खोलीत उतरले. सकाळी चहाला आले तेच विचारत, “अहो, ही घोटाई! मी लहानपणी आजोळी पाहिली होती. हे गृहस्थ भेटतील का? मला धारला जायला हरकत नाही.”

“ते आता थकलेत,” श्रिया म्हणाली. “कुणाला भेटत नाहीत.”

ती हे किती सहज बोलून गेली, याचं तिलाच नवल वाटलं. दिवसभर ते वाक्य तिच्या मागे लागलं.

गणपतीच्या सुमाराला नवव्या खोलीच्या भिंतीला फोड आले. रंगाखाली पांढरं मीठ फुललं. राजवीरने येऊन खरवडलं, पुन्हा रंग दिला. महिनाभरात आठवी, दहावी, अकरावी. कुबट वास यायला लागला. बाराव्या खोलीत एका लहान मुलीला रात्रभर खोकला झाला आणि तिची आई सकाळी बॅगा भरून गेली. पाचही खोल्यांना कुलूप लागलं. चुन्याच्या सातही मात्र खडखडीत होत्या.

श्रियाने मानाजींना फोन केला. उचलला नाही. दोन-तीनदा केला, मग सोडून दिला. उद्या जाऊ, सण झाल्यावर जाऊ, असं करत मार्गशीर्ष उजाडला. एका दुपारी ती गाडी काढून एकटीच धारला गेली.

मानाजी ओट्यावर उन्हात बसले होते. तिला बघून उठायला लागले. “या ताईसाहेब, या. बसा.” आत हाक मारून चहा सांगितला. पागेची, अंबरीशची, आईवडिलांची चौकशी केली. त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हाताने धरून ठेवला होता.

“काका, पाच खोल्या खराब झाल्या. तुमचंच खरं निघालं.”

“खरंखोटं कसलं. ओल आहे, ती जाणारच कुठून तरी.”

“तुम्ही या ना. मी गाडी पाठवते. जेवढे महिने लागतील तेवढे लागू देत.”

त्यांनी थरथरणारा हात उचलून तिला दाखवला, जसं काही दुसऱ्या कुणाची वस्तू दाखवतायत. “श्रावणापासून असं. कपही धरवत नाही.”

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा असता तर श्रियाला माफी मागायला बरं पडलं असतं. ती चहा संपवून उठली. गल्लीच्या टोकाला सुभद्रा भेटली, कामावरून येत होती. कपड्यांवर सिमेंट.

“राजवीरभियाकडे आहे मी,” ती म्हणाली. “टाईल बसवते. रोजचं काम आहे, वेळेवर आहे.”

“सुभद्रा, मी त्या दिवशी असं बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर...”

“तुम्ही बोललात ते तुमचं, ताई.” सुभद्रा म्हणाली. “सगळे हसले ना, तेव्हा मीपण हसले. आपोआप आलं. बाबांनी तुमच्याकडे नाही पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी मला चुन्याला हात लावायला सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार?”

श्रियाला तिथेच, त्या गल्लीत, रडू आलं. सुभद्राने तिला रडू दिलं. मग म्हणाली, “रविवारी सुट्टी असते मला. दोन थर मला येतात. पण वेबसाईटवरचा बाबांचा फोटो काढून टाका. आणि माझा लावू नका.”

त्या रात्री वेबसाईटवरून फोटो निघाला. अंबरीश कुरकुरला, पण त्याने काढला.

सुभद्रा हिवाळाभर दर रविवारी आली. सिमेंट खरवडून काढलं, भिंती महिनाभर उघड्या ठेवून सुकवल्या. श्रिया तिच्या हाताखाली चुना कालवायची, घमेली उचलायची. पहिला थर छान बसला, दुसराही. शेवटच्या थराला सुभद्राने वडिलांचा दगड आणला होता. नवव्या खोलीची एक भिंत तिने सकाळपासून घोटली. दुपारी भिंतीवर केसांसारख्या बारीक चिरा पडल्या. तिने सगळं काढून पुन्हा केलं. पुढच्या रविवारी पुन्हा. चिरा पडतच राहिल्या.

तिसऱ्या खेपेला तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. “बाबा, पाणी कधी मारायचं? चुना हाताला चिकटायचा थांबल्यावर, की त्याच्या आधी?”

श्रिया शेजारीच उभी होती, तिला मानाजींचा आवाज ऐकू आला. “सांगतो गं, सांगतो... हाताला कळतं ते. मी असतो तर तुझा हात धरून...” आणि मग ते आठवून आठवून काहीतरी सांगू लागले, मधेच अडले, पुन्हा सुरू झाले. सुभद्राने सगळं ऐकून घेतलं. “हो बाबा. बरं बाबा.” फोन ठेवल्यावर तिने दगड भिंतीवर टेकवला, थोडा फिरवला आणि खाली घेतला.

“त्यांना सांगायचं नाही असं नाही,” ती म्हणाली. “त्यांनाही सांगता येत नाहीये.”

“मी त्यांना इथे आणते. खुर्चीवर बसवू. नुसतं बघू देत.”

“मी विचारलं होतं मागच्या आठवड्यात. ते म्हणाले, नाही यायचं मला, तिथे हात मांडीवर धरून बसवू नका.”

शेवटी पाचही खोल्यांना दुसऱ्या थरावरच सफेदी दिली. भिंती खरबरीत राहिल्या, पण कोरड्या. चैत्रात त्या पुन्हा सुरू झाल्या. येणाऱ्यांना त्यात काही कमी वाटत नाही. काही जण तर म्हणतात, ह्याच जास्त खेडवळ वाटतात, ह्याच द्या. श्रिया त्या आनंदाने देते आणि किल्ली देताना त्यांच्याबरोबर आत जात नाही.

सुभद्रा शेवटच्या रविवारी हौद धुऊन, उरलेला चुना पाण्याखाली झाकून गेली. पाण्याखाली तो कितीही वर्षं टिकतो, असं जाता जाता म्हणाली. पुढच्या आठवड्यापासून तिचं काम कुक्षीला होतं, एका नव्या मंगल कार्यालयाच्या टाईल्सचं. राजवीरची गाडी फाटकाशी तिला न्यायला आली, ती पुढच्या सीटवर चढली आणि श्रिया फाटक लावून घ्यायला थांबली.