वापर शून्य

आमच्या ह्यांनी तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. माल आला की रचून ठेवायचा आणि कुणी मागायला आलं की "कशाला हवंय?" विचारून निम्म्यांना परत पाठवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा कपाटात अकरा वर्षांपूर्वीचे हातमोजे कोरे करकरीत होते, हे ते अजून अभिमानाने सांगतात. ते हातमोजे न मिळाल्यामुळे ज्यांचे हात भाजले, त्यांना काय वाटतं ते विचारायची सोय नाही.

अशा माणसाला गल्लीने बागेचा सेक्रेटरी केला. आधी तिथे कचरा होता, तो गेला हे खरं. त्याच्या जागी पाट्या आल्या. हिरवळीवर चालू नये. चेंडू आणू नये. फुलांना हात लावू नये. आणि सकाळी अकरा ते दुपारी चार फाटकाला कुलूप, कारण काय तर गवताला विश्रांती हवी! गवताला हो. मला नको.

आमच्या दोन खोल्यांत सहा माणसं: सासूबाई, हे, मी, मुलगा, सून आणि त्यांचं तान्हं. मी घरातच लोकांचे कपडे शिवते. मशीनवर एक शिवण सलग मारायची म्हटलं तरी मध्ये दोन हाका येतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी ह्यांच्या जुडग्यातली बागेची किल्ली गुपचूप नेली आणि तिची जोडी करून आणली. रोज दोन ते अडीच मी त्या बंद बागेत जाऊन बाकावर नुसती बसायचे. घरी सांगायचे, दोरा आणायला चालले. इतका दोरा कुठे जातो, हे कुणी विचारलं नाही. दिवसभरात मला कुणी हाक मारत नाही असा तो एकच अर्धा तास होता.

मग फाटकावर पालिकेची नोटीस लागली. भूखंड वापरात नाही, सबब विक्रीस काढण्यात येत आहे. गुरुवारी संध्याकाळी पाचला पाहणी, सोमवारी सुनावणी.

"गुरुवारी सगळ्यांना बोलवा," मी ह्यांना म्हणाले. "पोरं खेळू देत, म्हातारे बसू देत. साहेबांना गर्दी दिसली पाहिजे."

"अगं, पाहणी आहे ती. स्टॉक तपासायला माणूस येतो तेव्हा गोदामात कुणी गर्दी करतं का?"

मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. गुरुवारी सकाळपासून ह्यांनी बागेतून माणसं हाकलली. कोपऱ्यावरचे घड्याळवाले काका रोज पाचला मित्रांना घेऊन येतात, त्यांनाही घरी पाठवलं. झोपाळे रंगवून दोरीने वर बांधून टाकले. साहेब आले तेव्हा आत हे आणि एक झाडू.

साडेसहाला हे घरी आले ते हसतच.

"साहेब एकदम खूश! एक पान खाली पडलेलं नव्हतं. झोपाळ्याची साखळी आठ वर्षांची आहे, पण झीज शून्य, म्हटलं मी. त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली."

"तसंच म्हणजे काय लिहिलं?"

"वापर शून्य, असं काहीतरी."

मी कपाळावर हात मारला. "अहो, वापर शून्य म्हणजे बाग कुणाला नको! तुम्ही स्वतःच्या सहीने विकलीत ती!"

हे खाली बसले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, पण दया यायला मला वेळ नव्हता. माझा अर्धा तास चालला होता.

सोमवारी पालिकेच्या खोलीत आम्ही चाळीसजण दाटीवाटीने उभे. घड्याळवाले काका म्हणाले, "आम्ही रोज पाचला येतो."

"मी पाचलाच आलो होतो," साहेब म्हणाले. "चिटपाखरू नव्हतं. तोंडाने काय, कुणीही सांगेल. आणि पाच तास तर कुलूपच असतं ना?"

"पक्कं कुलूप," हे म्हणाले. तिथेही! "आत कुणी जाऊच शकत नाही."

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी पुढे झाले आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"मी जाते. तीन वर्षं, रोज दोन ते अडीच. बघा, दात झिजलेत तिचे."

साहेबांनी किल्लीवरून अंगठा फिरवला. "आणि आत काय करता?"

"काही नाही. घरात मला काही न करता बसायला जागा नाही."

सून खाली बघायला लागली. ह्यांच्याकडे मी बघितलंच नाही.

मग घड्याळवाले काका खाकरले. "आम्ही बाराला मागच्या भिंतीवरून जातो. पत्ते खेळायला." समोरच्या घरातली नर्स म्हणाली, रात्रपाळी करून आली की ती कुलूप लागल्यावर कुंपणाच्या फटीतून शिरते आणि तासभर झोपते. हिरवळीवर! मग एकेकाचं तोंड उघडत गेलं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः येऊन ती भिंत पाहून गेले. पाय ठेवून ठेवून तिच्या विटा गुळगुळीत झाल्या होत्या, आणि सेक्रेटरींना त्याचा पत्ता नव्हता.

विक्री रद्द झाली. अट एकच, फाटक दिवसभर उघडं ठेवायचं.

आता दोनला बागेत बाजार भरलेला असतो. पत्ते, घोरणं, पोरांची रडारड. पहिल्या दिवशी तरीही मी गेले, सवयीने. बाकाची एक कड रिकामी होती, तिथे टेकले. पाचच मिनिटांत हे आले, शेजाऱ्याला सरकवून माझ्याजवळ बसले.

"तू इथे एकटी बसायचीस, मला ठाऊकच नव्हतं गं," ते म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. "आता रोज सोबतीला येत जाईन."

आणि ते बोलायला लागले. गवताबद्दल, झोपाळ्यांबद्दल, हातमोज्यांबद्दल. अडीच वाजले तरी संपेना.

"बरं वाटतंय ना आता?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. इतक्या मायेने विचारल्यावर दुसरं काय म्हणणार?