खाली गेलेली माती

पावसाळा संपला की आमच्या उतारावर माती चढवायचं काम निघतं. वरच्या शेतातली माती पाण्याबरोबर खालच्या शेतात उतरते, ती टोपल्यांनी वर नेऊन पुन्हा पसरायची. मान मोडून येते, पण शेत टिकतं. सासरे होते तोवर सगळं घर या कामाला जुंपलेलं असायचं.

मग वाटणी झाली. ह्यांना वरचं शेत, धाकट्या दिराला खालचं. झाडं वाटली, भांडी वाटली, मातीचं मात्र कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्याच वर्षी हे टोपली घेऊन खाली उतरले, तर दीर बांधावर आडवा उभा.

"दादा, माझ्या शेतात आली ती माझी माती."

"अरे, माझं शेत सोलून निघालंय!"

"मग बांध नीट घालायचा."

भाऊजींचं तोंड पहिल्यापासून तिखट. पण ह्यांनी तर डोक्यात राखच घालून घेतली. शेताच्या कडेने सरळ उताराचा चर खणला, म्हणजे माती परस्पर ओढ्यात जाईल, भावाला मूठभरसुद्धा मिळायची नाही.

मी म्हटलं, "अहो, आडवं अडवायचं पाणी तुम्ही उभं सोडताय."

"तू मध्ये पडू नकोस."

या माणसाच्या हट्टापुढे देवानेही हात टेकले असते.

पुढच्या पावसाळ्यांत त्या चराची घळ झाली. माणूस आत उतरला तर दिसेना. बांध एकेक करून तिच्यात ढासळले, आमच्या शेतात खडक उघडा पडला. घळ तिथेच थांबली नाही. ती वळली आणि दिराच्या शेताची मधोमध दोन शकलं करून गेली. पाणी थांबेना, मग मुरणार कुठून? त्याची विहीरही आटली. शेवटी दोघे भाऊ मुकाट्याने घळीत दगडांचे आडवे बांध घालायला लागले. एका पावसात सगळे वाहून गेले.

काल दीर सामान बांधून दारात आला. शहरात एका गोदामावर राखणदार म्हणून चाललाय.

"दादा, खालचं शेत आता तूच घे. फुकट."

 हे म्हणाले, "तिकडे कोणी घेणारा भेटला, तर माझंही सांग."

दोघंही हसले. वाटणीनंतर पहिल्यांदाच एकत्र हसले, आणि मला हुंदका आवरेना.