काठीवरची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. बर्फावर स्कीवरून घसरत जाणाऱ्या कुणाच्या तरी दोन काठ्यांच्या जोडीतली. जोडीदारीण हरवली म्हणून मी कोलोरॅडोतल्या एका गराज सेलमध्ये, विकायला काढलेल्या जुन्या सामानात पडून होते. तिथून चारुदत्तकाकांनी मला घरी आणलं. मुठीला सुती पट्टी गुंडाळली आणि मासे पकडायला नदीत उतरताना आधाराला घेतलं. बायकोच्या, वसुधाकाकूंच्या नेलपॉलिशने माझ्यावर एक लाल रेघ ओढली, बरोबर स्वतःच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. पाणी रेघेला लागलं की मागे फिरायचं, समोर केवढाही ट्राउट मासा उसळी मारो. वितळल्या बर्फाचं पाणी ते. पायांना आधी कळा येतात, मग काहीच जाणवत नाही.

मासे पकडून परत सोडायचेच, तर एवढं ड्राइव्ह करून जायचं कशाला, असं काकू दरवेळी विचारायच्या. काका हसून थालीपिठाचा डबा उचलायचे.

या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मी गराजमध्ये हीटरमागे उभी राहिले. काकू गाडी काढायला यायच्या. नजर माझ्यावरून जायची, थांबायची नाही. घर तसंच चालू होतं. कुणी मोठ्याने रडलंही नाही.

मे महिन्यात त्यांची लेक अनया आली. डोंगरातला बर्फ वितळून नद्या फुगल्या होत्या, पाणी चहासारखं गढूळ. तिने बाबांची पाण्यात घालायची रबरी विजार उलटी करून भोकं तपासली. गढुळातही माशांना दिसतील अशा दोऱ्या-पिसांच्या जाड खोट्या माश्या आमिष म्हणून गळाला बांधल्या. मला पुसलं. एवढ्या पाण्यात जाऊ नको, काकू दारातून म्हणाल्या. दूध संपलंय म्हणावं, तशा आवाजात.

"आई, मी मध्ये जाणारच नाही. आत्ता ट्राउटपण काठालाच येतात. आणि काठीवर बाबांची रेघ आहे ना."

काकूंनी मला उचलून अनयाच्या पायाशी उभं धरलं. काका उंच होते. रेघ तिच्या मांडीवर आली.

"ही बाबांची आहे," काकू म्हणाल्या. "तुझी नाही."

त्या आतून नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या, फरशीवर बसल्या आणि लेकीच्या गुडघ्याच्या उंचीवर माझ्यावर नवी रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

"वाळू दे. मग जा."

मित्रांनो, मोठ्यांच्या वस्तू जरूर जपा. पण त्या घेऊन पाण्यात उतरण्याआधी स्वतःचा गुडघा मोजा.

संध्याकाळी अनया नदीवरून परतल्यावर काकूंनी मला हातात घेतलं. गाळाचा डाग कुठवर चढलाय, ते बोटाने चाचपलं. तो वाकड्या रेघेखालीच थांबला होता. काकू तिथेच बसल्या, आणि मग पहिल्यांदा रडल्या.