भंगारातली घंटा

ज्या घंटेपायी माझा नवरा गेला, ती आता काचेच्या पेटीत आहे आणि संचालकसाहेब तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, ते हेच.

आम्ही दोघं एकाच संस्थेत. तो बुडालेल्या जहाजांवर उतरायचा आणि तो जे लाकूड वर आणेल ते मी प्रयोगशाळेत तपासायची. मागच्या वर्षी कॅमेऱ्यात गाळातली घंटा दिसली. तिच्यावर दोनशे वर्षांपूर्वी हरवलेल्या राजदूताच्या जहाजाचं नाव कोरलेलं. साहेबांना तेवढंच पुरलं. मी म्हटलं, घंटेवर जाऊ नका. नवी घंटा बसवली की जहाजवाले जुनी विकायचे आणि ती परक्या जहाजावर बिनदिक्कत वाजायची. आधी लाकूड बघू.

पण साहेबांचं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! टीव्हीवाले येणार होते, त्यांच्यासमोर घंटा वर यायला हवी होती. पाण्याला भयंकर ओढ होती, तरी साहेबांनी त्याला खाली पाठवलं. दोरीला बांधलेली घंटा वर आली. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

सासूबाई त्यानंतर एकाच गोष्टीवर जगल्या. भाजीवाली असो की शेजारीण, "माझ्या लेकानं राजदूताचं जहाज शोधलं," हे सांगितल्याशिवाय त्या पिशवी उचलायच्या नाहीत.

पुढे दुसऱ्या पाणबुड्यांनी जहाजाच्या तळाचं लाकूड आणलं. झाडात दर वर्षी एक वर्तुळ वाढतं, पावसाच्या वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक, आणि त्यावरून झाड कधी तोडलं ते कळतं. राजदूत बुडाला तेव्हा हे झाड जंगलात उभं होतं. पुढेही साठ वर्षं उभंच होतं. त्यात गाळात जिकडेतिकडे कोळसा. साधी कोळशाची बोट होती ती, भंगारातली घंटा लावून मिरवणारी.

साहेबांनी माझा अहवाल वाचून चष्मा पुसला.

"वहिनी, हे जाहीर करून कुणाचं भलं होणार आहे? तो इतिहासासाठी गेलाय. त्याला कोळशासाठी गेलेला करू नका. निदान आईंचा तरी विचार करा."

वहिनी! इतकी वर्षं मॅडम होते मी. किळस आली मला त्या माणसाची. पण आईंचं नाव घेऊन त्यांनी माझं तोंड बरोबर बंद केलं.

आज संग्रहालयाच्या दालनाला माझ्या नवऱ्याचं नाव दिलं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. साहेबांनी सासूबाईंच्या हातात पुष्पगुच्छ दिला आणि त्यांना पेटीजवळ नेलं. सासूबाईंनी काचेवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे वळल्या.

"तेच जहाज ना गं हे? तू तपासलंस ना?"

साहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा. मला हो म्हणायचं होतं. पण त्या मला विचारत होत्या, साहेबांना नाही.

"नाही, आई. कोळशाची बोट होती. घंटा कुणीतरी जुनी विकत घेतलेली."

त्या कोसळतील म्हणून मी त्यांच्या पाठीला हात लावला. त्यांनी तो बाजूला केला आणि पुष्पगुच्छ साहेबांच्या हातात परत दिला.

"मग तसल्या पाण्यात माझ्या पोराला उतरवलंत कशाला?"

वर्षभर हे साहेबांना कुणीच विचारलं नव्हतं. राजदूताचं जहाज म्हटल्यावर विचारणार कोण?