शीतल नावाची खुर्ची

त्या काळी दुसऱ्या गावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजमधल्या मुलीशी बोलावं लागे. कुणी घरी रिसीव्हर उचलला की टेलिफोनच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या लांबच लांब हॉलमध्ये, उंच बोर्डावर शर्टाच्या बटणाएवढा दिवा लागे. त्या दिव्यापुढे बसलेली मुलगी वायरचं टोक भोकात खुपसे आणि म्हणे, "बोला." बोर्डापुढे खुर्च्यांची रांग होती आणि प्रत्येक खुर्चीला नाव होतं. मुलीला नव्हे, खुर्चीला.

ही सगळी मोठ्या बाईंची करामत. मोठ्या बाई म्हणजे हॉलच्या सुपरवायझर. पूर्वी कधीतरी एका गिऱ्हाइकाने एका मुलीचं नाव विचारून घेतलं आणि मग रोज सुट्टीच्या वेळी फाटकाशी उभं राहून तो तिला त्याच नावाने हाका मारू लागला. मुलीने नोकरी सोडली. तेव्हापासून बाईंचं फर्मान निघालं: आपलं नाव घरी ठेवून यायचं, खुर्चीवर बसलं की खुर्चीचं नाव लागू. नावंही त्यांनीच ठेवली, मुली जशा असाव्यात असं त्यांना वाटे तशी. चपळा, शीतल, मंजुळ, अशी ओळीने. "खाल्लेलं अन्न अंगी लागतं ना, तसं नावही अंगी लागतं," त्या म्हणायच्या. "वर्षभर बसा, मग मला सांगा."

मंजुळच्या खुर्चीवर बसणारीचा आवाज पत्र्यावर वाळू ओतावी तसा होता आणि इतकी वर्षं बसूनही त्यात तसूभर फरक पडला नव्हता. चपळा दोन कॉलांच्या मध्ये डुलक्या काढी. पण असल्या बारीकसारीक गोष्टींनी बाईंच्या सिद्धांताला धक्का लागत नसे.

अशा हॉलमध्ये भडका आली.

भडका हे तिचं घरचं नाव. जन्मली तेव्हा इतकी रडली की वडील म्हणाले, "ही मुलगी नाही, भडका आहे," आणि तेच चिकटलं. दाखल्यावरचं नाव आजीचं होतं, पण ते पगाराच्या दिवशी सही करण्यापुरतं. घरात काही फुटलं, दार आपटलं, भावाच्या डोक्यात पुस्तक पडलं, की चौकशी न होताच निकाल लागे. "नावाला जागली हो," आत्या म्हणायची. एकदा मांजराने बरणी पाडली तेव्हाही तेच म्हणाली. भडका ओरडून सांगे, मी नाही, मी नाही; आणि ओरडली म्हणजे पुरावाच मिळाला.

मोठ्या बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शीतलच्या खुर्चीवर बसवलं. पाळी संध्याकाळची.

पहिल्या दिवशी "शीतल बोलतेय" म्हणताना तिला हसू फुटलं. घरी कळलं असतं तर आत्या हसून हसून लोळली असती. मग हळूहळू काहीतरी झालं. काय झालं ते नेमकं सांगता यायचं नाही. हेडफोन कानावर चढवला की खालचा रस्ता, सायकलींच्या घंट्या, जिन्यावरची पावलं सगळं विरून जायचं. खिडकीतलं ऊन तांबूस होत बोर्डावरून सरकायचं, आणि ते जाईल तसतसे दिवे ठळक व्हायचे, जणू बाहेरची संध्याकाळ त्या भोकांमधून थेंबाथेंबाने आत झिरपत होती. कानात दुरून आवाज यायचे, वाऱ्याने घासलेले, पाण्याखालून आल्यासारखे. कुणाची मुलगी परगावी बाळंत झालेली, कुणाचा माल स्टेशनवर अडकलेला, कुणी नुसतंच "ऐकू येतंय ना?" असं पुन्हा पुन्हा विचारणारं. "शीतल बोलतेय," ती म्हणायची, आणि तो आवाज तिच्या घशातून निघून तिच्याच कानाला गार लागायचा. गिऱ्हाईक डाफरलं तरी तो आवाज म्हणे, "हो, लावते हं." भडका आतून ऐकत राही. ही कोण बाई? हिला राग कसा येत नाही?

पाळी संपवून जिना उतरताना तो गारवा अंगावर असे. रस्ताभर असे. घराच्या दाराशी भावाने आडवी लावलेली सायकल दिसली की उडून जाई.

डोंगरावर हवामानाचं एक ठाणं होतं आणि तिथे एकच माणूस राहायचा. रोज संध्याकाळी तो वारा, तापमान आणि ढग यांचे आकडे बंदरावरच्या कचेरीला कळवायचा. त्याची लाइन शीतलच्या बोर्डावरून जाई. बंदराची लाइन सदा अडकलेली. ती मोकळी होईपर्यंत दोघांनी थांबायचं, आणि थांबताना माणसं काय करणार, बोलणार.

आधी हवेवर बोलली. मग इतर गोष्टींवर. तो सांगे, की धुकं आलं म्हणजे आपलेच हात आपल्याला दिसत नाहीत, तेव्हा तो मोठ्याने बोलतो, आपण आहोत एवढी खात्री करून घ्यायला. तिला ते फार कळे. तो बोलत असला की तिला हॉलची भिंत दिसेनाशी होई आणि तिच्या जागी एक पांढरंशुभ्र काहीतरी पसरत जाई, ज्यात एक कंदील आणि एक माणूस एवढंच होतं. माणसाला चेहरा नव्हता. आवाज होता.

"तुमचं नाव कोणी ठेवलं?" एकदा त्याने विचारलं.

"का हो?"

"माझ्या नावाचा अर्थ विजयी. आणि मी आजवर पत्त्यांतसुद्धा जिंकलेलो नाही. आमच्या हेडक्लार्कच्या नावाचा अर्थ दाता, आणि तो कुणाला टाचणी देत नाही. मला वाटायचं, नावं अशीच, पाटी एक नि दुकान दुसरं. पण तुमचं ऐकलं आणि वाटलं, एखाद्याचं खरंही ठरतं."

तिने वायर उगाच हलवली. "बंदर मोकळं झालं, लावते हं," शीतल म्हणाली. झालं नव्हतं.

थंडी सरली की त्याच्या जागी बदली माणूस येणार होता आणि तो खाली उतरणार होता. "आधी तुमच्या फाटकाशी येईन म्हणतो," तो एका संध्याकाळी म्हणाला. "चालेल ना?"

"चालेल," शीतल म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत तिने मंजुळला सगळं सांगितलं. मंजुळ वयाने थोरली. तिच्यापाशी बोललेलं बाहेर जात नसे.

"मग सांगून टाक की गं त्याला."

"काय सांगू? तुमचा जीव जिच्यावर जडलाय ती खुर्ची आहे?"

"खुर्ची तर खुर्ची. चार पाय असून पळून तरी जायची नाही."

"थट्टा नको गं, मंजुळताई. तो येईल, मी दोन दिवस गोड बोलेन. तिसऱ्या दिवशी काहीतरी आपटेन. मग?"

"मग तो बिचारा पुन्हा डोंगरावर." मंजुळ हसली, आणि मग तिच्याकडे बघून तिने डबा बाजूला ठेवला. "फार आवडतो?"

भडकाने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. काहीतरी गमावण्याची भीती तिला जन्मात पहिल्यांदा वाटत होती, आणि ते तिचं नव्हतंच, शीतलचं होतं.

थंडी सरायच्या आतच ती संध्याकाळ आली. दुपारपासून उजेड पिवळट झाला होता आणि हॉलच्या खिडक्या आपल्याआपण थरथरत होत्या. डोंगराचा दिवा वेळेआधीच लागला.

"शीतल, बंदर द्या, लवकर. वारा फिरलाय. असा आकडा मी कधी पाहिलेला नाही." त्याच्या आवाजामागे काहीतरी फडफडत होतं, बहुधा छपराचा पत्रा.

तिने बंदराचं एक्स्चेंज मागितलं. तिकडच्या माणसाने जांभई दिली. "डोंगराची वेळ झाली नाही अजून. रांगेत थांबा."

"तातडीचं आहे, दादा."

"सगळ्यांचं तातडीचंच असतं, ताई."

"अहो, वादळ येतंय."

"मग येईल की. त्याला कुठे लाइन लागते?"

आणि भडका उठली. खरोखरच खुर्चीतून उठून उभी राहिली. "ए झोपाळ्या! आग लागो तुझ्या रांगेला! लाइन देतोस, की या तारेतून येऊन तुझी मुंडी पिरगाळू? माणूस तिकडे उडून चाललाय आणि तू मला वेळ शिकवतोस, ढेकणा?" आणखीही बरंच काही, जे छापता येण्यासारखं नाही. हॉलभर मुलींच्या वायरी हातातल्या हातात राहिल्या. चपळा खडबडून जागी झाली. डोंगराची लाइन चालूच होती. तो सगळं ऐकत होता.

लाइन मिळाली. आकडे गेले. बंदरावरच्या कारकुनाने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "हो, कळलंय आम्हाला. आमच्या खिडक्या मघाशीच फुटल्या."

मग कानात खर्रकन आवाज झाला आणि डोंगराचा दिवा विझला. तार तुटली होती.

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत. "तुझं मी पोटात घातलं असतं गं," त्या म्हणाल्या. "पण शीतल असं बोलली, हे मला चालायचं नाही. लोकांचा त्या नावावर भरवसा आहे. आतापासून तू चपळाच्या खुर्चीवर. आणि चपळा, तू इकडे ये."

झालं. दोघींनी आपापल्या बसायच्या गाद्या उचलल्या आणि जागा बदलल्या. चपळाची शीतल झाली आणि भडकाची चपळा.

"खुर्चीवरून उठवलं?" घरी वडील म्हणाले. "इतके दिवस टिकलीस हेच नवल." या वेळी भडकाने काही आपटलं नाही. ती गच्चीत गेली आणि डोंगर ज्या बाजूला होता तिकडे बघत बसली. डोंगर इथून दिसत नसे. दिसायचं ते आभाळ, धुऊन वाळत घातल्यासारखं. वडिलांना चैन पडेना. ते दोनदा येऊन डोकावून गेले आणि तिच्या पाठीवर शाल टाकून गेले.

तार जोडायला बरेच दिवस लागले. मग एका संध्याकाळी शेजारच्या बोर्डावर डोंगराचा दिवा लागला. भडकाला तो हाताच्या अंतरावर दिसत होता, आणि तो तिचा नव्हता.

"शीतल बोलतेय," आधीची चपळा म्हणाली. तिचा आवाज मुळातच झोपाळलेला, मऊ, त्या खुर्चीला अगदी शोभणारा. तारेवरून येताना सगळेच आवाज घासले जातात. त्याला फरक कळेल का? आणि नाही कळला तर? तो खाली उतरेल, फाटकाशी शीतलला विचारेल, आणि ही गोड पोरगी डोळे चोळत बाहेर जाईल. कुणाचं काही चुकणार नाही. सगळं नावाप्रमाणे होईल.

चपळाने माउथपीसवर हात धरला. "ए, तो विचारतोय, त्या दिवशी ओरडत होती ती कोण," ती कुजबुजली. "काय सांगू? बदलीवर कुणीतरी आली होती, असं सांगू?"

तेवढं सांगितलं असतं तर शीतल वाचली असती. भडकाला ते स्वच्छ दिसलं. कुणाला शंकाही आली नसती.

"दे इकडे," ती म्हणाली आणि वाकून तिने आपली वायर शेजारच्या बोर्डात खुपसली. हे नियमाबाहेरचं होतं. "ओरडत होती ती मी. आणि त्याआधी रोज बोलायची तीसुद्धा मी. शीतल हे खुर्चीचं नाव आहे. घरी मला भडका म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत."

तारेत वारा वाजत राहिला.

"मग आत्ता बोलल्या त्या?"

"ती आताची शीतल."

"आणि तुम्ही?"

"मी सध्या चपळा."

तो हसला नाही. "मला जरा नीट समजून घेऊ द्या," तो म्हणाला, आकडे पडताळून बघताना बोलायचा तसा. "माझा स्टोव्ह विझला आणि मी त्याला शिव्या घातल्या, तेव्हा खदखदून हसली ती कोण?"

"मी."

"मी ताप अंगावर काढतो म्हणून मला झापलं ती?"

"मीच. तुम्ही ऐकत नव्हतात."

"आणि आई गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी..." तो थांबला. "मला बोलता येईना. तुम्हीही काही बोलला नाहीत. नुसती लाइन धरून बसलात, उजेड जाईपर्यंत. ती कोण होती?"

ती संध्याकाळ भडकाला आठवत होती. काचेवरून उतरत चाललेला उजेड, कानात लांबवरचा श्वास, आणि आपल्या आत कुठेतरी साचत गेलेलं निश्चल पाणी. त्या पाण्याला तिने धक्का लागू दिला नव्हता. बाकीचे दिवे लागत होते, तिने डाव्या हाताने ते हळूच मंजुळकडे वळते केले होते. पण ते पाणी आपलं असेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. ते खुर्चीचं, असंच ती धरून चालली होती. तिने शेजारी पाहिलं. पाठीची एक पट्टी निखळलेली जुनी खुर्ची, आणि तिच्यावर डोळे विस्फारून बसलेली चपळा. लाकूड होतं ते. लाकूड कुणासाठी गप्प बसत नाही.

"तीही मीच," ती सावकाश म्हणाली. आपलं आपल्यालाच सांगितल्यासारखी.

मग तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात उतरतोय मी. फाटकावर कोणाला विचारू?"

कोणतं नाव सांगावं याचा ती विचार करत होती तेवढ्यात बोर्डावर सावली पडली.

"कोणाचा कॉल चाललाय हा?" मोठ्या बाईंनी विचारलं.

चपळा खुर्चीत आक्रसली. मंजुळने नसलेला कॉल लावायला घेतला.

"माझा," भडका म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "माझा आहे, बाई."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या बटणाएवढ्या दिव्याकडे. "बंदर मोकळं व्हायच्या आत आटप," त्या म्हणाल्या, आणि उघडी राहिलेली खिडकी लावायला निघून गेल्या.